उसन्या खुर्च्या

एकोणीसशे शहाण्णव साल होतं. कॉफीचा भाव आभाळाला टेकून पुन्हा जमिनीवर आला होता. त्या बहरात ज्यांनी घरावर पत्रे घालून घेतले ते शहाणे आणि ज्यांनी धूमधडाक्यात लग्नं केली ते वेडे, असं मसाकाच्या बाजूच्या खेड्यांत ठरून गेलं होतं. बुकाले गावच्या नालोंगोने दोन्ही केलं नव्हतं. कॉफीचे सगळे पैसे तिने धाकट्या मुलीच्या, किझाच्या, कंपालातल्या शिक्षणात घातले होते. त्यामुळे ती शहाण्यांतही नव्हती आणि वेड्यांतही. ती नुसती एकटी होती.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. जुळी झाली त्या दिवशी गावाने तिचं मूळ नाव टाकून दिलं होतं. त्या जुळ्यांतला वास्वा आता मोंबासाच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, काटो कुठल्याशा सरहद्दीवर पोलिसात होता आणि नवरा कधीच घरामागच्या केळीच्या बागेत मातीआड झाला होता. संध्याकाळ झाली की नालोंगो दारात चटई टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायची. चढावर माणसं भरून नेणाऱ्या टॅक्सीने गिअर बदलला की तिला आवाजावरूनच कळायचं, गाडी थांबणार की सरळ निघून जाणार. बहुतेक निघूनच जायची. केळी उकडायला घालताना मात्र तिचा अंदाज अजूनही चुकायचा. ती दोघींपुरती उकडायची, आणि उरलेली सकाळी कोंबड्यांपुढे टाकताना कोंबड्यांनाच बोल लावायची.

किझाचा विषय होता, माणसं गरीब का राहतात.

"एवढं कळायला कंपालाला कशाला जायला हवं होतं?" शेजारची नाबुकेन्या म्हणायची. "मला विचारलं असतं तर इथे कुंपणावरूनच सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

"मुली शिकवल्या की राहतात."

नाबुकेन्याला असं बोलणं परवडायचं. तिच्या घरावर पत्रा होता, बैठकीत गादीच्या खुर्च्या होत्या आणि काचेचं कपाट होतं. त्या कपाटाची किल्ली ती कमरेच्या पट्ट्यात खोचून हिंडायची, झोपतानासुद्धा काढायची नाही म्हणे.

अशात एका सकाळी चढावरची टॅक्सी चक्क थांबली आणि कंडक्टरने दारातूनच ओरडून किझाचा निरोप सांगितला. कंपालाचं विद्यापीठ आणि उत्तरेकडच्या बर्फाच्या देशातलं एक विद्यापीठ, दोघांनी भागीदारीत मोठा अभ्यास काढला होता. एका गावात दोन वर्षं माणूस ठेवून तिथली गरिबी जवळून बघायची. निवडीत दोनच गावं उरली होती. एक बुकाले, दुसरं पार ईशान्येला, सोरोटीच्याही पलीकडे. गुरुवारी मोठी माणसं घर बघायला येणार होती. गाव ठरेल तिथे दोन वर्षं राहायचं काम किझाचं.

"म्हणजे बुकाले ठरलं तर ती घरी राहणार?" नालोंगोने विचारलं.

"दोन वर्षं. आणि म्हणाली, आईला सांग, काही म्हणजे काही करू नकोस. घर आहे तस्सं राहू दे."

पहिलं वाक्य नालोंगोने त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, इतकं की गाडीतली माणसं कटकट करायला लागली. दुसरं वाक्य तिने एकदाच ऐकलं आणि सोडून दिलं. काही करू नका, असं प्रत्येकच पाहुणा म्हणतो. तशी रीतच आहे. माझ्यासाठी कोंबडी कापा, असा निरोप धाडून कोण येतं? पाहुणा जितका नको म्हणेल तितकं जास्त करायचं, हे बुकालेतल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं.

ती तडक नाबुकेन्याकडे गेली.

"दोन खुर्च्या दे. किझाचे साहेब येणार आहेत."

"दोन?" नाबुकेन्याने कपाळाला आठ्या घातल्या. "गोरी माणसं येणार आणि माझ्या दोनच खुर्च्या जाणार? उरलेल्यांनी काय पाप केलंय? सगळ्या ने. आणि रुमालांसकट ने. उघड्यावाघड्या खुर्च्या मी कुणाकडे पाठवत नाही."

रुमाल म्हणजे क्रोशाचे, पांढरे, नाबुकेन्याने स्वतः विणलेले, पाठीला एक आणि दोन्ही हातांना एकेक. खुर्च्या डोक्यावर घेऊन मिरवणूक निघाली तेव्हा बाकीच्या बायकांनी पाहिलं. नाबुकेन्याच्या खुर्च्यांवर गोरी माणसं बसणार आणि आपल्या खुर्च्यांनी काय घोडं मारलं? दुपारपर्यंत चार घरच्या खुर्च्या आल्या, चार तऱ्हेच्या रुमालांसह. मग नाबुकेन्याला ते सहन होईना, म्हणून तिने चार गड्यांच्या खांद्यावरून आपलं काचेचं कपाट धाडलं. किल्ली मात्र धाडली नाही.

गावचे चेअरमन कायेम्बा पाहणीला आले. हात मागे बांधून त्यांनी खोली न्याहाळली.

"हे आता तुझ्या एकटीचं राहिलं नाही, नालोंगो. हा गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. माझा रेडिओ पाठवतो. बॅटरीसकट."

"चेअरमनसाहेब, तुम्ही बातम्या कुठे ऐकणार मग?"

"गावासाठी एक दिवस बातम्यांवाचून राहीन," चेअरमन म्हणाले, आणि तेवढ्यात घरी जाऊन त्या दिवसाच्या बातम्या ऐकून आले.

गुरुवारी सकाळी म्हाताऱ्या कासुलेने आपली लांब शिंगांची गाय आणून नालोंगोच्या फणसाला बांधली. "अंगण रिकामं बरं दिसत नाही," एवढंच म्हणाला. नालोंगोने घराकडे पाहिलं. आत जायला वाट उरली नव्हती, खुर्च्यांवरून चढून जावं लागत होतं. पण तिला वाटलं, एवढं भरलेलं घर बघून कोण म्हणेल की ह्या घरात मुलगी राहायला नको? आतल्या कोपऱ्यातली किझाची खाट तिने पुन्हा एकदा झटकली. ती खाट तेवढी घरची होती.

जीप आली. किझा उतरली, तिने घराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मागून डॉक्टर लुबेगा उतरले, कंपालाचे, चांगले पोट सुटलेले, आणि त्यांच्या मागून प्राध्यापक तुरिद, शिडशिडीत, उंच, उन्हाने लाल झालेली बाई.

नालोंगो रीतीप्रमाणे गुडघे टेकून क्षेमकुशल विचारू लागली. तुरिदबाईला कुणीतरी रीत शिकवून ठेवली होती. तिनेही गुडघे टेकले. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, तिकडचे कसे आहेत, असं सगळं संपलं तरी दोघी उठेनात. पाहुणी उठल्याशिवाय नालोंगो कशी उठणार? आणि वडीलधारी उठल्याशिवाय तुरिदबाई कशी उठणार? शेवटी लुबेगांनी दोघींना एकेका हाताने उभं केलं.

आत गेल्यावर लुबेगा नाबुकेन्याच्या खुर्चीत बसले. तुरिदबाई मात्र खुर्च्यांवरून चढत-उतरत कोपऱ्यात गेली आणि चटईवर नालोंगोच्या शेजारी मांडी घालून बसली. बायका चटईवर बसतात, हेही तिला शिकवलेलं होतं.

खिडकीबाहेर गाव जमलं होतं.

"बसत का नाहीये ती?" नाबुकेन्या दात-ओठ खात कुजबुजली. "ढेकूण आहेत का माझ्या खुर्चीत?"

"डॉक्टर बसलेत ना तुझ्या."

"ते आपलेच आहेत. आपल्या माणसाच्या बसण्याला काय किंमत?"

प्रश्न सुरू झाले. तुरिदबाई विचारायची आणि किझा मान खाली घालून आपल्या भाषेत सांगायची.

"घरात खुर्च्या आहेत का?"

नालोंगोने भोवती पाहिलं. "दिसतायत ना."

"रेडिओ?"

"तो काय, तिथे आहे."

"गाय?"

गाय हंबरली. उत्तराची गरज पडली नाही.

तुरिदबाईला कपाटातल्या प्लेटी फार आवडल्या. जरा हातात घेऊन बघू का, म्हणाली. "ते आम्ही फक्त नाताळात उघडतो," नालोंगो म्हणाली. खिडकीबाहेर नाबुकेन्याने कमरेवरची किल्ली घट्ट दाबून धरली.

तेवढ्यात एक वाजला आणि चेअरमन कायेम्बा आत आले. गावासाठी त्याग करायचं त्यांनी ठरवलं होतं खरं, पण पायांना सवय होती. ते सरळ रेडिओपाशी गेले, बटण पिरगाळलं, डोळे मिटून बातम्यांची सुरुवात ऐकली आणि मग कुठे त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं.

"हे कोण?" लुबेगांनी विचारलं.

"मी चेअरमन. बातम्या ऐकायला आलो. म्हणजे, हिच्या रेडिओवर. गावात एवढा चांगला रेडिओ दुसऱ्या कुणाकडे नाही."

पानात बांधून वाफवलेली कोंबडी पाहुण्यांपुढे ठेवून झाली, तशी आणखी वाढून आणायच्या निमित्ताने किझाने आईला मागच्या चुलीपाशी ओढलं.

"आई, हे काय करून ठेवलंस? निरोप मिळाला नाही का तुला?"

"मिळाला की. काही करू नकोस म्हणून."

"मग?"

"अगं, म्हणून तर केलं!"

किझाने कपाळाला हात लावला. "आई, ती माणसं गरिबी शोधत आलीत. डॉक्टर आत्ता म्हणाले, जिल्ह्यात एवढं भरलेलं घर पाहिलं नाही. बुकाले रद्द झालं तर मला सोरोटीला जावं लागेल. दोन वर्षं. तिथून वर्षातून एकदा येता आलं तरी खूप."

नालोंगोच्या हातातलं पान निसटलं. अब्रू एका पारड्यात आणि मुलगी दुसऱ्या पारड्यात, असं तिने आयुष्यात कधी तोलून पाहिलं नव्हतं. तोलायला वेळही लागला नाही. पदराला हात पुसत ती तशीच आत गेली आणि खुर्च्यांच्या मधोमध उभी राहिली.

"ह्यातलं काहीच माझं नाही. खुर्च्या शेजारणींच्या, रेडिओ चेअरमनचा, गाय कासुलेची. माझी फक्त ही चटई आणि आतली खाट. सांग त्यांना, किझा."

किझाने सांगितलं. तुरिदबाईने लुबेगांकडे पाहिलं. लुबेगा बोटं चाटून हसले.

"हे मी गावोगाव ऐकलंय. कागद-पेन दिसलं की माणसाची खुर्ची शेजाऱ्याची होते. तुमचं घर छान आहे, आई. लाजू नका."

"लाजत नाहीये मी! थांबा." नालोंगोने खिडकीकडे तोंड केलं. "नाबुकेन्या! ये आत. सांग, ह्या खुर्च्या कुणाच्या?"

नाबुकेन्या आत आली. तिने काय पाहिलं? नालोंगो उभी, डोळ्यांत पाणी, समोर शहरातला माणूस कागद घेऊन बसलेला आणि गोरी बाई टक लावून बघतेय. म्हणजे उसनं आणल्याबद्दल गरीब बिचारीचा चारचौघांत पाणउतारा चाललाय! नाबुकेन्या कितीही टोचून बोलत असली तरी बोलायचा हक्क तिचा होता. कंपालाच्या माणसाचा नव्हता.

"कुणाच्या म्हणजे?" ती कडाडली. "नालोंगोच्या! कपाटही तिचंच. माझ्या मेलेल्या आईच्या मातीची शपथ!"

"नाबुकेन्या, अगं खरं सांग!"

"खरंच सांगतेय. तू घाबरू नकोस, मी आहे."

"चेअरमनसाहेब, निदान तुम्ही तरी."

चेअरमननी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "सरकारचा माणूस या नात्याने सांगतो. रेडिओ हिचाच आहे. बॅटरीसुद्धा."

"कासुलेबाबा!"

म्हातारा कासुले दारात उभा होता. "मी ह्या गाईला ओळखतसुद्धा नाही," तो म्हणाला. त्याच वेळी गाईने फणसाखालून मान लांब करून त्याचा कान चाटायला सुरुवात केली. कासुले ताठ उभा राहिला आणि कान त्याचा नसल्यासारखा समोर बघत राहिला.

"मेल्यांनो, खोटं बोलताय सगळे!" नालोंगो रडकुंडीला आली. जितकी ती कळवळून सांगू लागली तितके ते कळवळून नाकारू लागले. चार घरच्या बायका आत आल्या आणि चारही जणींनी आपापल्या रुमालांवर हात ठेवून शपथा घेतल्या. एवढी एकी बुकालेत विहिरीच्या कामालाही झाली नव्हती.

तुरिदबाईने वही मिटली, नालोंगोचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" नालोंगोने विचारलं.

किझाने मिटलेल्या वहीकडे बघत सांगितलं. "म्हणते, तुम्हाला आमची गरज नाही. तुम्ही सुखी आहात, तशाच राहा."

निघताना रीतीप्रमाणे पाहुणीला जिवंत कोंबडी द्यायला नालोंगो विसरली नाही. ती कोंबडी तिची स्वतःची होती. किझाने निरोप घ्यायला धुळीत गुडघे टेकले. जीप उताराला लागली, आणि नालोंगोने त्या धुळीतल्या दोन खळग्यांवरून संध्याकाळपर्यंत कुणाला जाऊ दिलं नाही.

त्या दिवशी कुणी आपलं सामान न्यायला आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी नालोंगो कुंपणापाशी गेली.

"ने गं बाई तुझ्या खुर्च्या."

"कुठल्या खुर्च्या?" नाबुकेन्या दुसरीकडे बघत म्हणाली. "आईच्या मातीची शपथ घेतलीय मी. आता नेल्या तर म्हातारी उठून येईल. जिवंत होती तेव्हाच आवरत नव्हती."

बाकीच्यांचंही तेच. चेअरमन सरकारच्या नावाने बोलून बसले होते, आणि सरकारला शब्द मागे घेता येत नाही असं त्यांचं मत होतं. गाईने मात्र शपथ घेतली नव्हती. दोर सोडताच ती आपल्या पायांनी कासुलेच्या गोठ्यात निघून गेली. पण खुर्च्यांना पाय असून चालता येत नव्हतं.

आता नाबुकेन्याच्या घरी बसायला काही उरलं नाही. चौथ्या संध्याकाळी ती आली. "जरा टेकते," म्हणाली आणि बरोबर आपल्याच खुर्चीत टेकली. दुपारी एकच्या बातम्यांना चेअरमन आले, संध्याकाळच्याही ऐकून गेले. मग त्या चौघी आल्या, आपापल्या रुमालांवर हात ठेवून बसल्या. कासुले गाईचं दूध घेऊन आला, म्हणाला, गाय तुझी नसली तरी तिची तुझ्याशी ओळख झालीय. रोज संध्याकाळी नालोंगोचं घर भरू लागलं. कपाटातल्या प्लेटी काढायला नाबुकेन्या कमरेची किल्ली लावायची आणि धुऊन झाल्या की पुन्हा कुलूप घालायची. नालोंगो चटईवर बसायची, रस्त्याकडे तोंड करून. चढावर गिअर बदलला की सगळे बोलायचे थांबत. गाडी निघून गेली की नाबुकेन्या म्हणे, "उद्या येईल. केळी जास्त उकडलीस ना? आण इकडे." कोंबड्यांना त्यानंतर उरलंसुरलं मिळालं नाही.

किझा सोरोटीपलीकडच्या गावी गेली. पहिल्याच घरी शिरली तर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नाना घरची स्टुलं, नाना रंगांची भांडी, आणि मधे एक म्हातारी अवघडून उभी. तिथली भाषा किझाला अजून येत नव्हती. ती मुकाट्याने म्हातारीच्या चटईवर बसली, पुढे आलेलं सगळं खाल्लं आणि मग तिला इतकं रडू आलं की म्हातारीला वाटलं जेवण तिखट झालं. किझाची दोन वर्षं तिथे सहा झाली. तिथलाच एक शाळामास्तर तिने नवरा केला. पुढे ती कंपालाला शिकवू लागली. नाताळात घरी आली की तिला बसायला खुर्ची मिळायची नाही, ती आईच्या चटईवर बसायची.

तुरिदबाई आपल्या देशात निवृत्त झाली. दर नाताळात ती किझाला कार्ड पाठवते आणि बुकालेच्या त्या सधन बाईंची चौकशी करते. कोंबडी विमानात नेता आली नाही. ती डॉक्टर लुबेगांच्या अंगणात बरीच वर्षं अंडी घालत होती, आणि त्या दौऱ्यातून हाती लागलेली खरी गोष्ट तेवढीच.

लुबेगांनी मात्र म्हातारपणी, किझाच्या मुलीच्या लग्नात, सांगून टाकलं. "पाच तऱ्हेचे रुमाल एका घरात कोण विणतं, पोरी? खुर्चीत बसता क्षणीच ओळखलं मी. माझी आई हेच करायची."

"मग आई कबूल करत होती तेव्हा का नाही मानलंत?"

"घरधनीण म्हणते, माझ्याकडे काही नाही. आणि पाहुण्याने म्हणायचं, हो, खरंच नाही? तिची कोंबडी माझ्या तोंडात असताना?"

चेअरमन कायेम्बा बातम्या ऐकता ऐकताच गेले. खुर्ची त्यांची नव्हती, रेडिओ होता. कासुले गेला आणि त्याच्या मागोमाग गायही. नालोंगो गेली तेव्हा आसपासच्या गावांतून माणसं आली, पण पाहुण्यांसाठी काही मागून आणावं लागलं नाही.

दिवस उरकल्यावर किझा घर आवरायला लागली. नाबुकेन्या काठी टेकत आली.

"आता तरी न्या सगळं, मावशी. तुमचंच आहे."

"कुठलं माझं? नालोंगोचं आहे. शपथेवर सांगितलंय." म्हातारीने खुर्चीच्या पाठीचा रुमाल सारखा केला, विटून पिवळा पडलेला, स्वतःच्या हाताने विणलेला, आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. चढावर एक टॅक्सी कण्हत होती. ती पुढे निघून जाईपर्यंत नाबुकेन्याने कान तिकडेच ठेवला.

"कपाटाची किल्ली तेवढी माझ्याकडे राहू दे," मग ती म्हणाली. "तू येशील तेव्हा प्लेटी काढायला कुणीतरी यायला हवं ना."